मूल कोणत्या रकान्यात मांडायचे?

मुलुंडला राहणाऱ्या ३३ वर्षांच्या एका वाचक भगिनीचे सविस्तर पत्र आले आहे. त्या वांद्रे-कुर्ला संकुलातील एका वित्तसंस्थेत काम करतात. त्यांचे पती ३६ वर्षांचे असून संगणक क्षेत्रात आहेत. महाविद्यालयात असताना दोघांनीही अमेरिकन लेखिका आयन रँड यांच्या कादंबऱ्या वाचल्या, त्यावर रात्र-रात्र चर्चा केल्या आणि त्यातूनच त्यांचे जुळले. माणसाने आपल्या बुद्धीने विचार करून स्वतःच्या हितासाठी जगावे, कोणासाठी स्वतःचा बळी देऊ नये, हा विवेकी स्वार्थाचा विचार दोघांना मनापासून पटला होता. लग्नाआधीच त्यांनी ठरवले होते की या घरात कोणी कोणासाठी त्याग करायचा नाही आणि केवळ कर्तव्य म्हणून काही करायचे नाही. सहा वर्षे हे उत्तम चालले. गेल्या वर्षभरापासून मात्र या भगिनींना मूल हवेसे वाटू लागले आहे. पतींचे म्हणणे असे की मूल म्हणजे वीस-बावीस वर्षांचा त्याग, आणि तो आपल्या विचारांत बसत नाही. त्यांनी एक्सेलमध्ये एक तक्ता करून दाखवला, ज्यात मोठ्या घराचे हप्ते, पाळणाघर, शाळेची फी, पत्नीच्या पगारवाढीतले नुकसान असे सगळे मांडले होते आणि उत्पन्नाच्या रकान्यात शून्य होते. सासूबाई ‘म्हातारपणाची काठी’ म्हणून नातवंडाचा आग्रह धरतात. आईने मुलीसाठी, म्हणजे या भगिनींसाठीच, बँकेतली नोकरी सोडली होती आणि ते घरात आजवर अनेकदा बोलले गेले आहे. त्यांचा प्रश्न असा: या तत्त्वज्ञानात मूल वाढवणे बसते का, आणि मला मूल हवे वाटते म्हणजे मी माझ्या विचारांशी प्रतारणा करते आहे का?

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. मुलांविषयीची पत्रे मला बरीच येतात, पण त्यांतली बहुतेक मूल झाल्यानंतरची असतात. जन्माआधी इतक्या गांभीर्याने विचार करणारे पत्र क्वचित येते, म्हणून त्याला सविस्तर उत्तर द्यावेसे वाटले. तुमच्यासारखी अनेक जोडपी आज मुंबईत हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत एकमेकांना विचारत असतील, याची मला खात्री आहे.

आधी प्रश्नाचा सरळ भाग संपवू. तुम्ही ज्या विचाराचा आधार घेतला आहे, त्या विचारात मूल वाढवणे बसते, आणि ओढूनताणून बसवावे लागत नाही. रँड यांच्या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ‍ॅटलास श्रग्ड’ या कादंबरीतल्या मुख्य भाषणात एका आईचे उदाहरण आहे. भुकेल्या लेकरासाठी अन्न घेणारी आई स्वतःसाठी टोपी घेत नाही, तेव्हा ती त्याग करत नसते, कारण तिच्या लेखी टोपीपेक्षा मूल मोलाचे असते. हाच व्यवहार त्याग ठरतो तो फक्त अशा आईच्या बाबतीत, जिला टोपी अधिक प्रिय आहे आणि जी निव्वळ कर्तव्यभावनेने मुलाला जेवू घालते. त्याच कादंबरीत, जगाकडे पाठ फिरवून दरीत राहायला गेलेल्या कर्तबगार माणसांमध्ये बेकरी चालवणारी एक तरुण आई आहे. तिला सात आणि चार वर्षांचे दोन मुलगे आहेत, आणि मुलांना वाढवणे हा आपण निवडलेला व्यवसाय आहे, असे ती सांगते. रँड यांना स्वतःला मूल नव्हते हे खरे, पण लेखिकेचे आयुष्य म्हणजे तिच्या विचारातला नियम नव्हे. १९६४ सालच्या एका मुलाखतीत त्यांनी म्हटले होते की एखाद्या स्त्रीला काही काळ घर-संसार हेच आपले काम करायचे असेल तर ते योग्य आहे, मात्र तिने त्या कामाचा एखाद्या व्यवसायासारखा अभ्यास करावा.

म्हणजे ‘मूल म्हणजे त्याग’ हे तुमच्या पतींचे विधान त्यांच्याच विचारसरणीच्या कसोटीवर टिकत नाही. त्या विचारात त्यागाची व्याख्या नेमकी आहे: अधिक मोलाची गोष्ट कमी मोलाच्या गोष्टीसाठी देऊन टाकणे. पैसा, झोप, बढती, शनिवार-रविवार हे सगळे खर्ची पडले म्हणून त्याग होत नाही. ते कशासाठी खर्ची पडले आणि ज्याच्यासाठी पडले ते तुम्हाला किती मोलाचे आहे, यावर ते ठरते. मुलुंडहून रोज कुर्ल्यापर्यंत लोकलमध्ये उभ्याने आणि पुढे शेअर रिक्षाने तुम्ही कामावर जाता. त्या प्रवासाला तुम्ही त्याग म्हणत नाही, कारण ते काम तुम्हाला हवे आहे.

पण इथे तुम्हाला थोडे थांबवायचे आहे. या मुद्द्यावर तुम्ही घरातला वादविवाद जिंकू शकाल, पण तो जिंकून तुमच्या हाती फारसे काही लागणार नाही. पतींपुढे उतारे ठेवून त्यांना निरुत्तर करता येईल. मूल मात्र निरुत्तर झालेल्या माणसाच्या घरात जन्माला येऊ नये. शिवाय ‘बसते का’ या शब्दांतच मला एक गृहीतक दिसते, ते असे की आधी विचाराची परवानगी मिळाली पाहिजे आणि मग तुम्ही इच्छा करायची. ज्या विचाराचा सारा भर स्वतःच्या बुद्धीने निर्णय घेण्यावर आहे, त्याच्याच दारात तुम्ही परवानगीसाठी उभ्या आहात. सासूबाई पंचांग पाहतात आणि तुम्ही कादंबरी पाहता, एवढाच फरक उरू नये असे मला मनापासून वाटते.

आता त्या तक्त्याकडे वळते, कारण पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला तीच वाटली. तुमच्या पतींनी उत्पन्नाच्या रकान्यात शून्य लिहिले. सासूबाई त्याच रकान्यात म्हातारपणाची काठी लिहितात. तुम्हाला ही दोन टोके वाटतात, एकीकडे आधुनिक बुद्धिवादी आणि दुसरीकडे जुन्या वळणाची बाई. मला मात्र ही माय-लेकरे एकच वही भरताना दिसतात. मूल झाल्याने आपल्याला काय मिळणार, हाच दोघांचा प्रश्न आहे. फक्त उत्तराचा आकडा वेगळा आहे. दोघांपैकी कोणीही अजून त्या मुलाकडे एक स्वतंत्र माणूस म्हणून पाहिलेले नाही.

अशी वही मी एकदा प्रत्यक्ष पाहिली आहे. लालबागला आमच्या चाळीत एक काका राहायचे. गिरणीत कारकून होते. १९८२च्या संपात नोकरी गेली आणि पुढे बरीच वर्षे त्यांनी एका गोदामावर रात्रपाळीची राखणदारी केली. एकुलता एक मुलगा हुशार होता, त्याला त्यांनी इंजिनिअर केले. किराणा दुकानदार वापरतात तशी लाल कापडी बांधणीची लांबट वही त्यांच्याकडे होती, आणि तिच्यात मुलावर झालेला खर्च पहिलीपासून लिहिलेला होता: तारीख, बाब, रक्कम. दप्तर, सहलीची वर्गणी, चष्मा, प्रवेश शुल्क. अक्षर सुरेख होते. मुलाला बंगळूरला नोकरी लागली आणि त्याने तिकडेच लग्न ठरवले, तेव्हा काकांनी ती वही त्याच्यासमोर वाचून दाखवली. मुलगा काही बोलला नाही. पुढे दर महिन्याला तो पैसे पाठवत राहिला, आणि बेरीज पूर्ण झाली त्या दिवशी काकांनी शेवटच्या पानावर आडवी रेघ मारून खाली ‘पूर्ण’ असे लिहिले. ते पान त्यांनी मला स्वतः दाखवले होते, काहीशा अभिमानाने. त्यानंतर मुलाचा फोन फक्त दिवाळीला यायचा. काका वाईट नव्हते. रात्री जागून शिकवणारा बाप वाईट कसा असेल? पण मुलगा हे त्यांनी दिलेले कर्ज होते, आणि कर्ज फिटल्यावर सावकाराकडे कोणी जात नाही.

तुम्ही मानता त्या विचाराचे एक सूत्र तुम्हाला पाठ असेल: माणसाने दुसऱ्यासाठी स्वतःचा बळी देऊ नये, आणि दुसऱ्याचाही स्वतःसाठी बळी देऊ नये. पहिला अर्धा भाग सगळ्यांच्या लक्षात राहतो. आईबाप होऊ पाहणाऱ्यांसाठी दुसरा अर्धा भाग अधिक महत्त्वाचा आहे. मूल हे तुमच्या म्हातारपणाची तरतूद नाही, तुमच्या अपुऱ्या राहिलेल्या महत्त्वाकांक्षेचा पुढचा अंक नाही आणि डळमळीत संसाराला लावलेला टेकूही नाही. (आईवडिलांच्या चरितार्थाची जबाबदारी २००७च्या कायद्याने मुलांवर टाकली आहे, पण तो कायदा वृद्धांची उपासमार होऊ नये यासाठी आहे, मूल जन्माला घालण्याचे कारण म्हणून नाही.) तेव्हा उत्पन्नाचा रकाना शून्य असण्यात मला काही गैर वाटत नाही. तो शून्यच असायला हवा. चूक आहे ती मूल खर्च-उत्पन्नाच्या तक्त्यात बसवण्यात. तुम्ही दोघांनी एकमेकांशी लग्न केले तेव्हा असा तक्ता केला होता का, हे एकदा पतींना प्रेमाने विचारून पाहा. वाद म्हणून विचारू नका. खरोखर जाणून घेण्यासाठी विचारा.

मग विवेक कुठे लावायचा? माझ्या मते तो लावायचा जन्माआधीच्या आणि जन्मानंतरच्या फरकावर. तुमच्या घरात आजपर्यंतचा प्रत्येक करार दोन सज्ञान माणसांमध्ये झाला आहे, आणि त्यातून कोणालाही बाहेर पडता येते. नोकरी सोडता येते, मैत्री संपवता येते, लग्नही मोडता येते. मुलाबरोबर असा करार होत नाही, कारण ज्याच्याशी करार करायचा ते माणूस तुमच्या निर्णयाआधी अस्तित्वातच नसते. त्याने ‘मला आणा’ असे म्हटलेले नसते. त्याची असहायता ही तुमच्या कृतीचा परिणाम असते, म्हणून त्याची जबाबदारी हे समाजाने किंवा देवाने लादलेले कर्तव्य न राहता तुमच्याच निवडीचे देणे होते. विवेकी स्वार्थाचा विचार मांडणारेही आईबापांची जबाबदारी याच कारणाने मान्य करतात. जन्माआधी तुम्ही पूर्ण स्वतंत्र आहात आणि ‘नको’ म्हणण्याचा तुमचा अधिकार निखळ आहे. जन्मानंतर ‘आता हे माझ्या हिताचे राहिले नाही’ असे म्हणायची मुभा नाही. एवढा मोठा आणि न परतवता येणारा निर्णय विवेकाने घ्यायचा तो याच दाराच्या अलीकडे उभे राहून.

आणखी एक अडचण प्रामाणिकपणे सांगते. स्वतःच्या हिताचा हिशेब करताना आपण ‘स्व’ स्थिर धरतो. आजची तुम्ही वजनकाटा हातात घेऊन पाच वर्षांनंतरच्या स्वतःचे सुख तोलता आहात, पण पाच वर्षांनंतर काटा धरणारा हात बदललेला असेल. मला ते एका रात्री कळले. मुलगी दोन वर्षांची होती, जुलै महिना होता, आणि मध्यरात्री तिला कुत्रा भुंकावा तसा खोकला सुरू झाला. डॉक्टरांनी फोनवर सांगितले की श्वास घेताना छाती आत ओढली जात नसेल तर थोडा वेळ गार हवेत धरा, आणि कमी झाले नाही तर लगेच घेऊन या. मी तिला चादरीत गुंडाळून गॅलरीत उभी राहिले. हळूहळू खोकला सैलावला. तिचा गरम गाल माझ्या मानेवर होता आणि प्रत्येक श्वासाबरोबर तिची पाठ माझ्या तळव्याखाली वर-खाली होत होती. मी श्वास मोजत होते. साडेचारला समोरच्या दूध केंद्रावर क्रेट उतरवल्याचे आवाज आले तेव्हा लक्षात आले की सकाळी दहाला माझी खात्याची परीक्षा आहे. त्या परीक्षेत मी नापास झाले आणि बढती दोन वर्षे लांबली. त्या रात्री मी काही त्यागले असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. पण काही मिळवले असेही वाटले नाही. त्या चार तासांत तोलणारे कोणी तिथे नव्हतेच. तुमचा विचार या जागेपर्यंत तुम्हाला नीट आणून सोडतो, पण पुढच्या वाटेचे वर्णन त्याच्याकडे अपुरे आहे, असे माझे मत आहे.

तुमच्या आईने तुम्हाला तुकोबांची ओळ ऐकवली, असे तुम्ही थोड्या रागाने लिहिले आहे: ‘ऐसी कळवळ्याची जाती, करी लाभावीण प्रीती.’ तुम्हाला ती ओळ स्त्रीला गप्प बसवणारी वाटते. तो अभंग शेवटपर्यंत वाचावा, असे मी सुचवेन. शेवटी तुकोबा म्हणतात, ‘तुका म्हणे माझे, तुम्हां संतांवरी ओझे.’ म्हणजे बोलणारे लेकरू आहे, आई नाही. आपले ओझे ज्यांच्यावर निर्धास्तपणे टाकता येते त्यांच्याविषयीची कृतज्ञता लेकराच्या तोंडी आहे, आणि तिथे ती फार सुंदर दिसते. तीच ओळ आईने स्वतःविषयी म्हटली की तिचे बिल होते. ‘मी तुझ्यासाठी काही न मागता केले’ हे वाक्य ज्या क्षणी मुलाला ऐकवले जाते, त्या क्षणी मागणी सुरू झालेली असते.

आणि मला वाटते तुमच्या प्रश्नाचे मूळ इथे आहे. तुम्ही त्यागाला विरोध करणारा विचार एकोणिसाव्या वर्षी इतक्या उत्कटतेने का उचललात? ज्या घरात आईचा त्याग जेवणाच्या ताटाबरोबर रोज वाढला जात होता, त्या घरातल्या मुलीला ‘कोणी कोणासाठी बळी जायचे नाही’ हे वाक्य किती मोकळे करणारे वाटले असेल, ते मी समजू शकते. तो विचार तुम्ही चुकीचा उचलला असे मी म्हणणार नाही. उलट, आई होताना त्याचा तुम्हाला सर्वांत मोठा उपयोग होईल तो हाच: मुलासाठी जे कराल ते आपल्या इच्छेने, आपल्या मोलाचे म्हणून कराल, आणि ते त्याच्या नावे लिहिणार नाही. मात्र आईच्या आयुष्याचे उत्तर म्हणून मूल नको म्हणणे हासुद्धा स्वतंत्र निर्णय नाही, आणि आईपेक्षा चांगली आई होऊन दाखवायचे म्हणून मूल हवे म्हणणे हासुद्धा नाही.

याच मुंबईत १९२१ साली रघुनाथ धोंडो कर्वे यांनी संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७पासून १९५३पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. त्यासाठी प्राध्यापकाची नोकरी गेली, खटले झाले, हालअपेष्टा झाल्या. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी मालतीबाईंनी स्वतः मूल होऊ न देण्याचे ठरवले होते. त्यांची आठवण मी दोन कारणांनी काढते. बुद्धीच्या कसोटीवर संसार तपासणे ही परदेशी कादंबरीतून आलेली चैन नाही, ती आपल्याच गिरगावात शंभर वर्षांपूर्वी मोठी किंमत देऊन केली गेली. आणि दुसरे असे की मूल नको म्हणता येऊ लागले, तेव्हाच मूल हवे म्हणण्याला खरा अर्थ आला. तुम्ही ज्या निवडीपुढे अडखळला आहात, ती निवड तुमच्या पणजीला नव्हतीच.

आता करायचे काय? तुमच्या विचारातच सांगितले आहे की भावना हे ज्ञानाचे साधन नाही. मी ते जरा मवाळ करून म्हणेन: भावना हे पत्र आहे, ते उघडून वाचावे लागते. तुम्हाला नेमके काय हवे आहे ते तपासा. बाळ हवे आहे, की कार्यालयातल्या मैत्रिणींपासून मागे पडल्याची भावना संपायला हवी आहे? की सहा वर्षांच्या आखीव संसारात काहीतरी अनपेक्षित घडायला हवे आहे? हे खुर्चीत बसून कळत नाही. तुमच्या बहिणीचा दोन वर्षांचा मुलगा ठाण्याला आहे, असे तुम्ही लिहिले आहे. सलग चार शनिवार सकाळी आठ ते रात्री आठ तुम्ही दोघांनी त्याला सांभाळा, आणि बहिणीला बाहेर पाठवा. पाहुण्यांसारखे खेळणी घेऊन जाऊ नका. भात भरवणे, सांडलेले पुसणे, दुपारी न झोपणाऱ्या मुलाला खांद्यावर घेऊन खोलीत फेऱ्या मारणे, तेच गाणे अकराव्यांदा म्हणणे हे सगळे करा. आपले मूल वेगळे असते हे मला मान्य आहे, तरीही या कामाचा पोत तुम्हाला सोसतो का, त्यात कुठे आनंद लागतो का, ते त्या चार दिवसांत कळेल. मूल म्हणजे आयुष्यभराची कल्पना नसते, ते रोजचे काम असते, आणि ज्याला ते रोजचे काम आवडू शकते त्याचे स्वहित त्यात आहे.

पतींशी बोलताना तक्ता बाजूला ठेवा आणि तत्त्वज्ञानही. त्यागाचा मुद्दा ज्या नेटाने ते मांडतात त्यावरून मला शंका येते की खाली दुसरीच एखादी भीती असावी: नोकरी जाण्याची, तुम्ही त्यांच्या वाट्याला कमी याल याची, किंवा स्वतःच्या वडिलांसारखे होण्याची. त्यांना ती बोलता येईल अशी जागा द्या. मग दुसरा तक्ता करा, तासांचा. रात्री कोण उठणार, आजारपणात रजा कोण टाकणार, पाळणाघरातून साडेसातच्या आत कोण आणणार, आणि लोकल बंद पडली त्या दिवशी काय करायचे. नावे घालून लिहा. कायद्याची बाजू माहीत असू द्या: २०१७च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी आईला २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करणे बंधनकारक आहे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते, पण खासगी क्षेत्रात बापाच्या रजेची सक्ती करणारा कायदा नाही, म्हणून पतींच्या कंपनीचे धोरण आताच विचारून घ्या. तुम्ही ३३च्या आहात. पस्तिशीनंतर गर्भधारणेची शक्यता घटत जाते, तेव्हा दोघांनीही एकदा स्त्रीरोगतज्ज्ञांकडे तपासण्या करून घेतल्या तर उरलेल्या वेळाचा अंदाज येईल. त्यानंतर एक मुदत ठरवा, सहा महिने किंवा एक वर्ष. ‘बघू’ हे उत्तर वर्षानुवर्षे चालत राहिले की निर्णय तुमच्याऐवजी वय घेते. सासूबाईंना मात्र दोघांनी मिळून, आणि शक्यतो मुलानेच, सांगावे की हा निर्णय आम्ही घेऊ आणि घेतल्यावर कळवू. तो एकच निरोप पुरेसा आहे.

एवढे करून पतींचे उत्तर ‘नको’ हेच राहिले तर? ते उत्तर खरे माना. त्यांच्या मनातून मूल काढून घेता येणार नाही. बायकोच्या आग्रहाखातर बाप झालेला माणूस हा तुमच्याच भाषेत खरा त्याग करणारा माणूस असेल, आणि त्याची वही मुलाला कधीतरी वाचून दाखवली जाईल. मग तुमच्यापुढे उरतो तो प्रश्न मुलाचा नसून या दोन इच्छांपैकी तुम्हाला अधिक मोलाची कोणती, हा असेल: हा सहवास, की आईपण. दोन्ही उत्तरांत दुःख आहे आणि दोन्ही उत्तरे सन्मानाची आहेत. सहवास निवडलात तर तो तुमचा निर्णय म्हणून निवडा, त्यांच्यावर उपकार म्हणून नको. वेगळे व्हायचे ठरलेच, तर एकट्या स्त्रीलाही कायद्याने मूल दत्तक घेता येते, हेही लक्षात असू द्या. आणि ज्या वाचकांना तपासाअंती मूल नकोच आहे असे कळेल, त्यांनी त्यासाठी कोणत्याही ग्रंथाचा आधार शोधू नये. ‘आम्हाला हे काम करायचे नाही’ हे पुरेसे आणि प्रामाणिक कारण आहे.

शेवटचे एक काम, आणि ते पतींशी बोलण्याच्याही आधी करावे असे मला वाटते. आईकडे जा. नोकरी सोडली त्या वर्षी नेमके काय घडले होते, ते तिला विचारा. बँकेत ती कोणते काम करायची, तिला ते आवडायचे का, पाळणाघर होते का, वडील तेव्हा काय म्हणाले, राजीनाम्याचा अर्ज कोणाच्या सांगण्यावरून लिहिला. मध्ये उत्तर देऊ नका, स्वतःची बाजू मांडू नका, फक्त ऐका. तुम्ही जन्मभर ‘तुझ्यासाठी’ हा शब्द ऐकत आला आहात. कदाचित त्या वर्षी तिला विचारणारेच कोणी नव्हते.